अकरा आरोळ्या

दारातून आत येताना ती वाकली, तेव्हाच मी ओळखलं. माझ्या खोलीचं दार काही ठेंगणं नाही, चांगला उंच माणूस ताठ मानेने आत येतो. पण त्या घरातल्या माणसांना दार दिसलं की वाकायची सवयच आहे. तिचा बाप असाच यायचा. आधी डोकं, मग खांदे, आणि बऱ्याच वेळाने उरलेला माणूस. त्याला आम्ही सगळे शिडी म्हणायचो.

"काका, मी शिडीची मुलगी," ती म्हणाली, आणि मी खुर्चीवरचा वायरींचा ढीग उचलून जमिनीवर टाकला. त्या खुर्चीवर कोणी बसायला सहा-सात महिने तरी झाले असतील.

मी ध्वनिमुद्रण करायचो. करतो, म्हणायची सवय आहे, पण खरं तर करायचो. एका छापखान्याच्या वर माझी ही खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, खिडकीला दुहेरी काच आहे, आणि तरीही खालची यंत्रं चालू असली की टेबलावरचा चहा थरथरतो. त्यामुळे इतकी वर्षं माझं बारीक कानाचं काम एक ते दोन या वेळात चालायचं, खाली कामगार डबे उघडून बसले की. छापखानेवाल्याशी मी त्यावरून अनेकदा भांडलोय. तो म्हणतो खोली सोडा, मी म्हणतो यंत्र बदला. दोघंही आता म्हातारे झालोत आणि यंत्रही.

मुलीने पर्समधून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. तो मी आधीच पाहिला होता. फिल्म सोसायटीवाल्यांना एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर आमच्या सिनेमाची प्रत सापडली होती आणि एकोणतीस वर्षांनी ते तो पुन्हा दाखवणार होते. कागदावर खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं की 'दरीपल्याड'मधल्या गाजलेल्या अकरा आरोळ्या ज्यांनी घडवल्या ते स्वतः त्यांविषयी बोलणार आहेत. ते म्हणजे मी. आठ दिवस मी त्या एका ओळीवर तरंगत होतो.

मला वाटलं, पोरगी पास मागायला आली असेल. मी उदारपणे म्हणालो, पहिल्या रांगेत बस, तुझ्या आईलाही आण.

तिला पास नको होता. बाबा गेले तेव्हा ती दीड वर्षाची होती, ती सांगायला लागली. घरात त्यांचे फोटो आहेत, त्यांचा रंधा आहे, एक स्वेटर आहे ज्याच्या बाह्या तिलाही लांब होतात. आवाज मात्र नाही. आई म्हणते मऊ होता. मामा म्हणतो घोगरा होता. शेजारी म्हणतात ते कधी बोलायचेच नाहीत. महिन्याभरापूर्वी तिला स्वतःला मुलगी झाली, आणि बाळाशी बोलताना तिला रोज वाटायला लागलं की आपल्याशी असं कोणी बोललं असेल त्याचा आवाज आपल्याला ठाऊकच नाही.

"तुम्ही तर सगळं टेप करायचात," ती म्हणाली. "काहीही चालेल. खोकले असतील तरी चालेल."

मी म्हणालो, "नाही गं. काही उरलेलं नाही." आणि हे अगदी तोंडपाठ असल्यासारखं माझ्या तोंडून निघालं, कारण तोंडपाठच होतं. शिडी गेल्यावर महिन्याभराने त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, हेच विचारलं होतं आणि मी हेच उत्तर दिलं होतं.

मग गप्प बसवेना म्हणून मी तिला सिनेमाच्या गोष्टी सांगायला लागलो. म्हाताऱ्या माणसाला लाज वाटली की तो आठवणी काढतो. पण आठवणी चांगल्याच होत्या, त्यात खोट नाही. आयुष्यातले ते चाळीस दिवस मला कोणी परत दिले तर बाकीचं सगळं मी आनंदाने देऊन टाकीन.

आम्ही नऊ जण होतो. दिग्दर्शकाला कप्तान म्हणायचो, कारण तो जिथे तिथे पुढे चालायचा आणि दर वेळी वाट चुकायचा. नोकरी सोडून, बायकोचा राग ओढवून घेऊन त्याने हा सिनेमा काढला होता. गोष्ट अशी की चार मोजणीदार नकाशा करायला एका निर्जन दरीत उतरतात. त्या दरीत 'ते' राहत असतं. ते जनावर नाही, माणूस नाही, रानाच्याच पोटातून आलेलं काहीतरी. ते कोणाला हात लावत नाही. फक्त आरोळी देतं, आणि ज्याने आरोळी ऐकली त्याला घरची वाट आठवेनाशी होते. एकेक जण असा रानात कायमचा राहून जातो. आज सांगताना हसू येतं, पण कप्तान सांगायचा तेव्हा आमच्या अंगावर काटा यायचा.

शेवटच्या वस्तीपासून आठ तास चालून आम्ही त्या रानात पोचलो. कॅमेरा, रिळं, तांदूळ, माझी वीस किलोंची टेप, सगळं खांद्यावर. शिडी सुतार म्हणून आला होता. मोजणीदारांची लाकडी झोपडी त्याने तीन दिवसांत उभी केली, आणि ती इतकी पक्की केली की जाळायच्या प्रसंगी ती जळेना. 'त्या'चं काम करायला कप्तानाने एक पहिलवान ठरवला होता. तो पहिल्याच दिवशी पायाला चिकटलेली जळू बघून परत गेला. कप्तानाने सगळ्यांकडे पाहिलं आणि त्याची नजर शिडीवर जाऊन थांबली. शिडी म्हणाला, मला अभिनय येत नाही. कप्तान म्हणाला, तुझं तोंडच दिसणार नाही, बिनधास्त ये.

तो पोशाख काथ्या, गोणपाट आणि सरस यांचा होता आणि डोळ्यांच्या जागी सायकलचे लाल रिफ्लेक्टर होते. आतून काही म्हणजे काही दिसायचं नाही. म्हणून शिडीच्या पायाला सुतळी बांधून मी झुडपाआड बसायचो. एक ओढ म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब. पडद्यावर 'ते' पाय टाकण्याआधी जरा थबकतं ना, त्याचं एका समीक्षकाने फार कौतुक केलं होतं. आदिम संकोच, असं काहीतरी लिहिलं होतं. तो संकोच सुतळीचा होता.

रात्रीचे सगळे प्रसंग आम्ही भर दुपारी घेतले. दिवे नव्हतेच. भिंगापुढे निळी काच लावायची आणि उजेडात रात्र करायची. त्यामुळे त्या सिनेमातली प्रत्येक काळीकुट्ट रात्र म्हणजे माझ्या आठवणीत लख्ख ऊन आहे, आणि त्या उन्हात शिडी काथ्याचं डोकं काढून काखेत धरून बसलाय, घामाने निथळतोय, आणि कप्तानाची बहीण त्याला पाणी देतेय. ती आमची नायिका होती आणि स्वयंपाकही तिच्याकडेच होता. रोज डाळभात. कोणी नाक मुरडलं की ती म्हणायची, उद्या 'त्या'ला सांगते तुला धरायला.

मुलगी हसली. तिला हे सगळं नवं होतं. आई फारसं बोलत नाही, ती म्हणाली. मी चहा ठेवला. खाली यंत्रं धडधडत होती, कपाला हादरे बसत होते. सुटलो, असं मला वाटलं.

चहा संपल्यावर ती उठली. दाराशी जाऊन थांबली आणि उगाच बोलायचं म्हणून बोलावं तसं म्हणाली, "लहानपणी रेडिओवर ती आरोळी लागली की मला वाटायचं, ती बाबांचीच आहे. आई म्हणाली, वेडी आहेस का, ती काकांनी म्हशीपासून केलीय. मग मी ऐकायचं सोडून दिलं."

मी तिला म्हणालो, "बस."

माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण ती परत येऊन बसली.

आता जे सांगतो ते मी तिला सांगितलं त्याच क्रमाने सांगतो. रानातून परत आल्यावर आरोळीचा प्रश्न उभा राहिला. मी म्हैस मुद्रित केली, विहिरीचा रहाट केला, गाढव केलं, रिकाम्या पिंपात तोंड घालून स्वतः ओरडलो. कप्तान प्रत्येक वेळी मान हलवायचा. म्हणायचा, हे भीती घालणारं आहे, मला बोलावणारं हवंय. पंधरा दिवस माझ्या नाकी नऊ आणले त्याने. शेवटी एका दुपारी शिडी खिडकीची चौकट दुरुस्त करायला याच खोलीत आला होता. मी त्याला म्हणालो, माइकपुढे उभा राहा आणि लांबून हाक मारल्यासारखं काहीतरी बोल. टेप जलद फिरवून तो आवाज घ्यायचा आणि मग चौपट सावकाश वाजवायचा, असं माझ्या डोक्यात होतं. चौपट सावकाश केलं की माणसाचा आवाज जमिनीखालून आल्यासारखा होतो, शब्द वितळून जातात आणि मागे नुसती आरोळी उरते.

तो लाजला. तू बघू नकोस, म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून बोलला. दोन-तीन मिनिटं बोलला असेल. त्यातूनच मी अकरा तुकडे कापले. सिनेमात म्हैस नाही, रहाट नाही. अकराच्या अकरा शिडी आहे.

"काय बोलले?" तिने विचारलं.

इथे मला माझ्या धंद्याची लाज वाटली. मला माहीत नव्हतं. मी आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्याकडे बघत होतो. आवाज फाटत नाही ना, काटा लाल रेघेपलीकडे जात नाही ना, खुर्ची करकरत नाही ना. कानाला हेडफोन लावून मी त्याचा शब्दन् शब्द ऐकला आणि एकही ऐकला नाही. आमच्यातले सगळे असेच. माणूस समोर रडत असला तरी आम्ही त्याची पातळी बघतो.

सिनेमा लागला. मोजून तीन आठवडे चालला, पण ती आरोळी गाजली. वर्तमानपत्रवाला मला विचारायला आला तेव्हा शिडी इथेच बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने हळूच मान हलवली, म्हणजे सांगू नकोस. लोक हसतील, असं त्याला वाटत होतं. मग मी म्हैस आणि रहाट यांची कथा सांगितली आणि तो तोंड फिरवून हसत राहिला. इथवर ती दोघांची गंमत होती. पुढच्या वर्षी तो तापाने चार दिवसांत गेला आणि गंमत एकट्या माझी झाली. मला त्या आरोळीसाठी बक्षीस मिळालं. तिच्यामुळे कामं मिळाली. वीस वर्षं मी पोरांना वर्गात शिकवलं की म्हशीचं हंबरणं कसं ताणायचं. बिचाऱ्यांनी किती म्हशी मुद्रित केल्या असतील देव जाणे.

"आणि ती टेप?"

ती मी पुसली. टेप महाग होती, आम्ही एकेक टेप दहादा वापरायचो. शिडीच्या आवाजावर मी त्याच महिन्यात एका साबणाची जाहिरात घेतली. म्हणून टेप उरली नाही हे खरंच होतं. वहिनींना मी तेवढंच खरं सांगितलं. सिनेमातली आरोळी चौपट जलद केली की त्याचा आवाज परत मिळतो, हे सांगितलं नाही. तेव्हाही ते अर्ध्या तासाचं काम होतं. सांगितलं असतं तर आरोळी माझी राहिली नसती. बस, एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर मला बरं वाटलं असतं.

तिच्या बापासारखाच तिचाही राग आत जातो, हातांत. ती त्या कागदाची बारीक बारीक घडी घालत राहिली.

"आईला माहीत नाही," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"नाही."

"कार्यक्रमात म्हशीचंच सांगणार होतात?"

"हो."

"आता?"

मी म्हणालो, तुझ्या बापाचं नाव सांगणार. हे बोलायला अवघड जाईल असं इतकी वर्षं वाटत होतं. तेवढं अवघड गेलं नाही, आणि त्याचीच जास्त चीड आली.

सोसायटीवाल्यांनी सिनेमाची फाइल मला पाठवलेली होतीच. मी संगणक लावला. पण एक वाजायला पंचवीस मिनिटं होती आणि खाली यंत्रं चालू होती. हेडफोन एकच होता, आणि तो तिला देऊन मी काय करणार, किंवा मी लावून ती काय करणार? आम्ही थांबलो. घड्याळाकडे बघत दोघं समोरासमोर बसलो. मी आरोळ्या वेगळ्या काढून ठेवल्या. अकरांपैकी आठांवर वाद्यं चढवलेली होती. दुसरी, सहावी आणि शेवटची, एवढ्याच तीन निखळ होत्या.

एकला यंत्रं थांबली. खालून डब्यांची झाकणं वाजली आणि मग तेही शांत झालं.

दुसरी आरोळी चौपट जलद केली. एक सेकंदभर काहीतरी होतं, कोणीतरी घसा खाकरला. ती पुढे सरकून बसली. मी म्हणालो, थांब, अजून आहे.

सहावी लावली. आवाज पातळ होता, फोनवरून आल्यासारखा, कारण खालचा सूर जुन्या प्रतीत उरत नाही. पण शब्द स्पष्ट होते.

"कान, हसू नको ना रे, मग मला बोलता येत नाही."

कान म्हणजे मी. सगळे मला तेच म्हणायचे. ते नाव हाक म्हणून मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि मी हसत होतो हे तर पार विसरलो होतो. ती हसायला लागली आणि हसता हसता तिने तोंडावर हात धरला. घोगरा आहे, ती म्हणाली. मामा बरोबर होता. मग म्हणाली, नाही, मऊपण आहे. परत लावा. मी परत लावली. चार वेळा लावली.

मग अकरावी. सिनेमाच्या शेवटी उरलेला एकटा मोजणीदार कड्यावर उभा असतो आणि 'ते' त्याला दरीपलीकडून आरोळी देतं. पडद्यावर ती बत्तीस सेकंद चालते. थिएटरात त्या वेळी माणसं खुर्चीचे हात घट्ट धरायची, मी स्वतः मागे उभा राहून बघितलंय. आता ती आठ सेकंदांची झाली.

"ए बाळा... कोण असशील ते... ये घरी. जेवण वाढलंय. ये लवकर, मी दारात उभा आहे."

मी हिशोब करत होतो आणि मला तो करायचा नव्हता. चौकट दुरुस्त करायला तो आला तेव्हा वहिनींना सातवा महिना होता. लांबून हाक मारल्यासारखं बोल म्हटल्यावर भिंतीकडे तोंड करून त्याने कोणाला हाक मारली ते कळायला मला एकोणतीस वर्षं लागली. त्याने ती हाक पुढच्या दिवसांसाठी घोळवून पाहिली होती, आणि ती मारायचे दिवस आले तेव्हा तो नव्हता.

मुलगी रडली नाही. तिने फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "आईला तुम्ही सांगायचं," ती म्हणाली.

मी सांगितलं. मी कोण ते आधी सांगितलं, मग जेवढं लेकीला सांगितलं तेवढं सगळं सांगितलं. कुठेही मऊ केलं नाही. मी थांबल्यावर वहिनी एवढंच म्हणाल्या, "ऐकवा."

मी फोन स्पीकरजवळ धरला आणि अकरावी लावली. आठ सेकंद.

"असा होता," वहिनी म्हणाल्या. "मी विसरले होते हो. पोरीला मी आपला मऊ होता, मऊ होता म्हणून सांगत आले. मला आठवतच नव्हता."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"ते नंतर," त्या म्हणाल्या. "परत लावा."

मी परत लावली. खाली कोणीतरी नळ सोडला, डबे धुतल्याचा आवाज आला. दोन वाजायला अजून वेळ होता. वहिनी परत म्हणाल्या, परत लावा. मी लावत राहिलो. आठव्या की नवव्या वेळी शिडी म्हणाला, ये लवकर, मी दारात उभा आहे, तेव्हा समोरच्या खुर्चीवरची ती उंच, स्वतः आई झालेली मुलगी खाली बघत हळूच म्हणाली, "आले."